पडद्याची यांत्रिक परीक्षा

आजच्या विषयाचे नाव थोडे रुक्ष आहे. चित्रपडदे तपासणाऱ्या यंत्राला तपासणीचा क्रम कसा शिकवतात, हे आम्हांला सांगावयाचे आहे. हा विषय कारखान्यातल्या मंडळींचा; आम्हां नागरिकांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की एस.टी. स्थानकावरची गाड्यांची वेळ, बँकेतला क्रमांक, पेट्रोल पंपावरचे लिटर आणि रुपये, दवाखान्यातला क्ष-किरणांचा फोटो, हे सारे आज आपण पडद्यावर वाचतो आणि वाचलेले खरे धरून चालतो. पडदा खोटे बोलू लागला, तर ते आपल्याला सहसा कळत नाही. म्हणून तो आपल्यापर्यंत येण्यापूर्वी त्याला कोणीतरी कसून प्रश्न विचारलेले असावे लागतात. ते प्रश्न कोणते, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी, एवढाच आजचा विषय.

उदाहरण कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचे घेऊ. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या लहान मुलालाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपण सर्वांनी या आकड्यांकडे डोळे लावून दिवस काढले. आता समजा, अशी पातळी एखाद्या विजेच्या फलकावर दाखवायची आहे. अशा फलकावरचा प्रत्येक आकडा बहुधा दिव्याच्या सात लहान पट्ट्यांचा असतो. तीन आडव्या, चार उभ्या. सातही पेटल्या की ८ होतो; हव्या त्या विझवल्या की बाकीचे आकडे होतात. ९ या आकड्यातली डावीकडची वरची पट्टी जळून गेली तर काय दिसेल? ३ दिसेल. म्हणजे नदी ३९ फुटांवर आली असता फलक ३३ दाखवील! दिवा गेला आहे हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण ३३ हा अगदी सुरेख, सुवाच्य आकडा आहे. पडद्याचा खरा धोका हाच. तो बंद पडला तर निदान समजते. तो चुकीचे पण नीटनेटके दाखवू लागला म्हणजे घात होतो.

असा फलक कसा तपासावा? प्रथम सर्व पट्ट्या पेटवून पाहाव्यात. जी मेली असेल ती लगेच उघडी पडेल. पण एवढ्याने भागत नाही. एखादी पट्टी कायमची पेटलेली राहिली असेल, तर या परीक्षेत ती शहाण्यासारखी पास होते. मग दुसरी परीक्षा सर्व पट्ट्या विझवण्याची. या दोन्ही झाल्या तरी एक दोष लपून राहतो. दोन पट्ट्यांच्या तारा एकमेकींना चिकटल्या असतील, तर त्या एकदमच पेटतात आणि एकदमच विझतात; म्हणून दोन्ही परीक्षांत त्या निर्दोष ठरतात. त्यांना पकडायचे तर एकेक पट्टी एकटी पेटवून पाहावी लागते. अशा सात पायऱ्या. आणि शेवटी ० पासून ९ पर्यंतचे आकडे क्रमाने दाखवावेत, कारण पट्ट्या चांगल्या असूनही 'सहा म्हणजे कोणत्या पट्ट्या' हे ठरवणारा भाग चुकलेला असू शकतो. १ अधिक १ अधिक ७ अधिक १०, अशा एकूण १९ पायऱ्या झाल्या.

या १९ पायऱ्या म्हणजेच एक परीक्षाक्रम. कारखान्याच्या भाषेत टेस्ट सिक्वेन्स. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायऱ्यांतून निसटणारा दोष धरण्यासाठी घातलेली आहे. ज्या पायरीला असे कारण सांगता येत नाही, ती केवळ वेळ खाते. आणि ज्या दोषासाठी पायरीच नाही, तो दोष परीक्षा कितीही वेळा घेतली तरी सापडत नाही. पुढे आम्ही जे काही सांगणार आहोत, ते या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

या क्रमाची आज्ञा यंत्राला द्यायची कशी? ज्यांनी इचलकरंजीत जॅकार्डचा माग पाहिला आहे, त्यांना हे समजण्यास वेळ लागणार नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालू केला आणि पुढे ते गाव यंत्रमागांचेच झाले. जॅकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. ही युक्ती फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. पुठ्ठा कापड विणत नाही. अमुक धोट्याच्या वेळी अमुक धागे उचला, एवढेच तो सांगतो. एक पुठ्ठा झाला की दुसरा पुढे येतो, माळ संपली की पुन्हा पहिला. परीक्षायंत्राचा प्रोग्रॅम हा असाच असतो. फरक इतकाच, की पुठ्ठ्यांची माळ पुढे काय निघाले ते पाहत नाही. परीक्षाक्रम मात्र प्रत्येक पायरीचे उत्तर पाहतो आणि त्यावरून पुढे जायचे, मागे फिरायचे की थांबायचे, हे ठरवतो.

आता सात पट्ट्यांवरून घरातल्या टीव्हीकडे येऊ. आज सर्रास मिळणाऱ्या पूर्ण एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० पिक्सेल होतात, आणि प्रत्येकात तांबडा, हिरवा, निळा असे तीन भाग. फलकाप्रमाणे एकेक पिक्सेल एकेक सेकंद पेटवून पाहावयाचे ठरवले, तर किती वेळ लागेल? दिवसाचे ८६,४०० सेकंद. हिशेब बरोबर २४ दिवसांचा येतो. एका टीव्हीला २४ दिवस! कारखान्यात तर एका टीव्हीच्या वाट्याला काही मिनिटेच येतात.

म्हणून इथे डोके चालवावे लागते. संपूर्ण पडदा तांबडा केला की मेलेले सगळे तांबडे भाग एकाच क्षणी काळे दिसतात. मग हिरवा, मग निळा. सबंध पडदा काळा केला की विझायला तयार नसलेला प्रत्येक भाग चांदणीसारखा चमकतो. २४ दिवसांचे काम चार चित्रांत झाले. राहिला एकमेकींना चिकटलेल्या तारांचा दोष. पडद्याच्या आत पिक्सेलला आज्ञा पोहोचवणाऱ्या तारा उभ्या आणि आडव्या ओळींनी धावतात. एक ओळ पेटलेली, शेजारची विझलेली, असे चित्र दाखवावे आणि मग उलटे करावे. चिकटलेल्या तारा लपून राहत नाहीत. आडव्या ओळींसाठी तसेच आणखी दोन. पाहा, फलकाचेच तीन प्रश्न इथेही आहेत: पेटते का, विझते का, एकटे पेटते का.

ही चित्रे तयार करून पडद्याला पाठवणाऱ्या यंत्राला पॅटर्न जनरेटर म्हणतात. त्याच्यापाशी असलेल्या चित्रांपैकी जुन्या लोकांच्या ओळखीचे एक म्हणजे रंगपट्ट्यांचे चित्र, कलर बार. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण आले. त्यानंतर पुष्कळांनी हे उभे पट्टे पाहिले असतील. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळट गुलाबी, तांबडा, निळा, काळा, असा त्यांचा क्रम असतो. तो शोभेसाठी नाही. आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ, तांबडा त्याखाली आणि निळा फारच मंद वाटतो. पांढऱ्याची उजळता १०० धरली, तर त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ५९, तांबड्याचा ३० आणि निळ्याचा ११, असा जुन्या टीव्हीच्या काळापासूनचा हिशेब आहे. त्याप्रमाणे हे आठ पट्टे डावीकडून उजवीकडे उतरत्या उजळतेने मांडले आहेत. रंग काढून घेतला, तर तीच एक आठ पायऱ्यांची राखाडी शिडी होते. आणखी एक गंमत अशी, की निळा रंग या आठांपैकी एकाआड एक पट्ट्यातच असतो. पांढऱ्यात आहे, पिवळ्यात नाही, आकाशीत आहे, हिरव्यात नाही, असे शेवटपर्यंत. म्हणून केवळ निळा भाग चालू ठेवला, की चार पट्टे सारखेच निळे आणि चार काळे दिसले पाहिजेत. एक जरी पट्टा वेगळा दिसला, तरी रंगाची जुळणी बिघडली आहे हे समजते. चांगला प्रश्न असा असतो: एकाच उत्तरात चार गोष्टी सांगून जातो.

चित्राइतकेच महत्त्व ते कोणत्या तालावर पाठवले याला आहे. पडद्यावर चित्र एकदम उमटत नाही. ओळीमागून ओळ असे येते. जुन्या टीव्हीत ६२५ ओळींचे चित्र सेकंदाला २५ वेळा येई. संगणकाच्या एका जुन्या प्रमाणात दिसणारे ठिपके ६४० गुणिले ४८० असत. पण पाठवताना हिशेब ८०० गुणिले ५२५ चा धरत. मधली जागा रिकामी, एक ओळ संपवून दुसरीच्या आरंभी येण्यासाठी. भजनात चरण संपल्यावर दम घ्यायला जागा असते, तशीच ही. आजच्या १९२० गुणिले १०८० चा हिशेब २२०० गुणिले ११२५ असा होतो, आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपक्यांचा ताल सांभाळावा लागतो. एकच पडदा असे अनेक ताल स्वीकारतो. एका तालावर तो निर्दोष असेल आणि दुसऱ्यावर चित्र डावीकडे सरकलेले असेल. म्हणून परीक्षाक्रमात चित्रे बदलतात तसे तालही बदलावे लागतात.

कोणते ताल आपल्याला चालतात, हे पडदा स्वतःच सांगतो. त्याच्या पोटात १२८ बाइटांची एक नोंद असते. तिला पडद्याची कुंडली म्हणावयास हरकत नाही. बनवणारा कोण, कोणत्या आठवड्यात बनवला, कोणते ताल चालतात, हे तीत लिहिलेले असते. या १२८ आकड्यांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे, असा नियम आहे. शेवटचा आकडा मुद्दाम त्यासाठी राखलेला असतो. बेरीज जमली नाही, तर कुंडलीत कुठेतरी बिघाड आहे. म्हणून शहाणा परीक्षक ही कुंडली सर्वांत आधी वाचतो: काम एका सेकंदाचे, आणि ती बिघडलेली असेल तर पुढची मिनिटे वाचतात.

आता प्रत्यक्ष एक पायरी कशी लिहितात, ते पाहू. प्रत्येक पायरीत सहा गोष्टी सांगाव्या लागतात. ताल कोणता, चित्र कोणते, किती थांबायचे, काय मोजायचे, कोणत्या मर्यादेत आले तर चालेल, आणि नाही आले तर पुढे काय. उदाहरणार्थ: 'पूर्ण एचडी, सेकंदाला ६० चित्रे. सबंध पांढरा पडदा. तीन सेकंद थांब. मध्यावरची उजळता मोज. प्रति चौरस मीटर २५० कँडेलापेक्षा कमी नको. कमी आली तर आणखी एकदा मोज. तरीही कमी आली तर नोंद करून पडदा बाजूला काढ.' नवख्या माणसाला यातली 'तीन सेकंद थांब' ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण ताल बदलला की पडद्याला तो पकडण्यास क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात मोजमाप घेतले, तर पडदा काळाच सापडतो आणि निर्दोष असून नापास होतो. शिवाय दिवा तापून स्थिर होण्यास वेळ लागतो. म्हणून अचूक मोजमापांपूर्वी पडदा बराच वेळ चालू ठेवतात. घाई केलेले यंत्र हे घाई केलेल्या माणसाइतकेच अन्याय करते. फक्त अधिक वेगाने.

मर्यादा ठरवणे ही तर विद्येचीच कसोटी. पडद्याला संकेत ० ते २५५ या आकड्यांत जातो. १२८ म्हणजे निम्मा संकेत. तेव्हा पडद्यावर प्रकाशही निम्मा पडेल, असे कोणीही समजेल. प्रत्यक्षात नेहमीच्या पडद्यावर तो शेकडा २२ च्या आसपासच पडतो, आणि तसाच पडला पाहिजे; कारण अंधाऱ्या छटांमधला फरक डोळ्याला अधिक बारकाईने दिसतो, तिकडे अधिक पायऱ्या मिळाव्यात अशी ती वाटणी असते. हे न जाणता ज्याने 'निम्म्या संकेताला निम्मा प्रकाश' अशी मर्यादा लिहिली, तो सर्व चांगले पडदे नापास करील आणि नेमके बिघडलेले तेवढे पास करील. यंत्र त्याला अडवणार नाही.

आमच्या उद्यमनगरात भोकाचे माप तपासण्याचे गेज असते. त्याचे एक टोक 'गो', दुसरे 'नो गो'. पहिले आत गेलेच पाहिजे, दुसरे जाता कामा नये. किती साधी युक्ती! परीक्षाक्रमातली मर्यादा हीच गोष्ट करते. पण गेज झिजते, हे प्रत्येक कारागीर जाणतो, आणि म्हणून तो गेजही मधूनमधून तपासून घेतो. परीक्षायंत्राचेही तसेच करावे लागते. दोष ठाऊक असलेले काही पडदे मुद्दाम जपून ठेवायचे आणि रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी ते यंत्राखालून घालायचे. एखादा बिघडलेला पडदा त्या दिवशी पास झाला, तर बिघाड यंत्रात आहे.

येथे थोडे गणित करू. समजा १,००० पडदे आले आणि त्यांतले २० बिघडलेले आहेत. आपला परीक्षाक्रम बिघडलेल्यांतले शेकडा ९५ पकडतो आणि चांगल्यांतले फक्त शेकडा २ चुकून नापास करतो. ऐकायला उत्तम. पण बिघडलेले १९ पकडले गेले, एक सुटला. आणि ९८० चांगल्यांपैकी सुमारे २० विनाकारण बाजूला पडले. नापासांच्या ढिगात निम्मे निर्दोष! मग त्या बाकावर बसलेला कामगार काय शिकतो? यंत्राने नापास केले तरी फारसे मनावर घ्यायचे नाही, हे शिकतो. एकदा ही सवय लागली, की खरा दोषही त्याच्या हातून पुढे जातो. म्हणून मर्यादा आवळली की गुणवत्ता वाढली, असे समजू नये. म्हणूनच नुसते 'पास' आणि 'नापास' न लिहिता मोजलेला आकडाही नोंदवावा. २५० ची मर्यादा असता सोमवारी २९०, बुधवारी २७५, शुक्रवारी २६० असे आकडे आले, तर सर्व पडदे पासच आहेत. पण पुढच्या सोमवारी काय होणार, हे तो कागद आधीच सांगतो आहे.

या सर्व खटाटोपाचे महत्त्व कोठे कळते? दवाखान्यात. क्ष-किरणांचा फोटो आता फिल्मवर कमी आणि पडद्यावर अधिक पाहिला जातो. तिथल्या पडद्यांसाठी वापरात असलेल्या एका परीक्षाचित्रात काळ्या चौकोनाच्या पोटात शेकडा ५ इतका किंचित उजळ असा लहान चौकोन असतो, आणि पांढऱ्याच्या पोटात शेकडा ९५ चा. दोन्ही आतले चौकोन दिसले पाहिजेत. पडद्याची जुळणी बिघडली, की तो लहान चौकोन भोवतालच्या काळोखात विरून जातो. बाकीचे चित्र झकास दिसते. फुफ्फुसावरची पुसट छाया ही त्या लहान चौकोनासारखीच असते. तीस सेकंदांची ही परीक्षा टाळल्याने काय हरवू शकते, हे निराळे सांगावयास नको.

परीक्षाक्रमाला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती विद्यार्थ्यांच्या पालकांना लगेच पटेल. प्रश्न आधीच ठाऊक असले, की अभ्यास परीक्षेपुरता होतो. टीव्हीला वीज किती लागते हे मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणात दहा मिनिटांची एक ठराविक चित्रफीत आहे. भोवतालच्या नाना तऱ्हेच्या कार्यक्रमांचे ते मिश्रण आहे. आपल्याकडे टीव्हीवर विजेच्या बचतीचे तारे चिकटवलेले असतात, ते अशाच ठराविक मापनावर अवलंबून असतात. २०१६ साली अमेरिकेत अशी शंका जाहीरपणे घेतली गेली, की काही टीव्ही या चित्रफितीवर घरच्यापेक्षा अधिक काटकसरीने वागतात. चित्रफीत ठराविक नसेल, तर दोन टीव्हींची तुलना होणार नाही. ठराविक असेल, तर ती पाठ होईल. या पेचाला कायमचा तोडगा नाही. प्रश्नपत्रिका वरचेवर नव्याने लिहीत राहावी लागते, आणि ते काम माणसाचे आहे.

कोल्हापूरला हे काम परके वाटू नये. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चित्रपटाचा कॅमेरा येथेच बनवावयास घेतला. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. ज्या गावाने चित्र घेणारे यंत्र हातांनी घडवले, त्या गावच्या मुलांनी चित्र दाखवणाऱ्या यंत्राची परीक्षा लिहावी, यात नवल ते काय? महाराष्ट्रात रांजणगावसारख्या ठिकाणी टीव्हीचे कारखाने चालतात. तिथे अशी माणसे लागतात. पडद्यांखेरीज मोटारीचे भाग, पंप, वैद्यकीय उपकरणे, सर्वांच्या परीक्षा याच रीतीने लिहिल्या जातात. त्यासाठी संगणकाची भाषा यावी लागते हे खरे. पण ती काही महिन्यांत येते. वस्तू कशी बिघडते, याचे ज्ञान मात्र वस्तूशी झटल्याखेरीज येत नाही. ते उद्यमनगरातल्या वयस्क मिस्त्रींपाशी भरपूर आहे आणि बहुधा कोठेही लिहून ठेवलेले नाही.

म्हणून शेवटी एकच सूचना. परीक्षाक्रम लिहिणाऱ्याने प्रत्येक पायरीशेजारी एक ओळ साध्या मराठीत लिहावी: ही पायरी कोणत्या दोषासाठी. लिहिणारा उद्या दुसरीकडे जाईल. त्याच्या जागी आलेला माणूस वेळ वाचवण्यासाठी एखादी पायरी गाळू पाहील. तेव्हा ती ओळ त्याला सांगेल, की ही सातवी पायरी गाळलीस तर चिकटलेल्या तारा सुटतील आणि ३९ च्या जागी लोकांना ३३ दिसेल. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही, आणि सायंकाळच्या पडद्याला सकाळच्याइतक्याच काटेकोरपणे प्रश्न विचारते, हा त्याचा गुण आम्ही मान्य करतो. पण कोणता प्रश्न कशासाठी विचारायचा, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि ज्याने सांगितले, त्याच्यावरच आपण पडदा पाहताना विश्वास टाकीत असतो.